नॅचरल राहून शरीर किती बनेल? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

जिमला नाव घालून तीन-चार महिने झाले की नवख्या पोराच्या तोंडी एकच प्रश्न येतो: बाजूच्याचं शरीर भरतंय, माझं का नाही? नौपाड्यातली जुनी व्यायामशाळा असो की घोडबंदर रोडवरची एसी जिम, उत्तर बहुतेक वेळा अर्धवटच मिळतं. कुणी पावडरीचा डबा बदलायला सांगतं, कुणी ‘तुझं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असणार’ म्हणून मोकळं होतं, कुणी सरळ स्टेरॉइडचा कोर्स सुचवतं. खरी माहिती मात्र तुमच्या लहानपणीच्या कागदांत, रोजच्या ताटात आणि क्वचित कधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये असते. ती कोणत्या क्रमाने शोधायची आणि कुठे फसायला होतं, ते इथे लिहितोय. माझं जन्मवजन सव्वादोन किलो होतं, कॉलेजात असताना घड्याळाच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडावं लागायचं. आज जे शरीर आहे ते कोर्सशिवाय, म्हणजे नॅचरल, झालंय, आणि त्याला वर्षं लागली आहेत. म्हणून घाई करणाऱ्या पोरांची मला खरोखर काळजी वाटते.

आधी एवढं जमवा

- लहानपणीचं लसीकरण कार्ड किंवा आईचं प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड
- शाळेची प्रगतीपुस्तकं (उंची-वजनाचा रकाना असलेलं पान)
- शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी
- वजनकाटा आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा
- एक साधी वही
- घेत असाल त्या सगळ्या गोळ्या-पावडरींची यादी, केसांच्या गोळ्यांसकट

१. जन्माचं वजन आणि वाढीची वर्षं शोधून काढा

जन्मदाखला घेऊन बसू नका, त्यावर वजन नसतं. ते डिस्चार्ज कार्डावर किंवा लसीकरणाच्या कार्डावर पहिल्याच पानाला लिहिलेलं असतं. कार्ड सापडलं नाही तर आईला किंवा आजीला विचारा. ‘अगदी मुठीएवढा होतास’ एवढं उत्तर मिळालं तरी अंदाज येतो. दिवस भरून जन्मलात की आधी, हेही विचारून घ्या. अडीच किलोच्या खालच्या बाळाला वैद्यकशास्त्र कमी वजनाचं धरतं.

याचा दंडाशी काय संबंध? स्नायू धाग्यांचे बनलेले असतात आणि त्या धाग्यांची संख्या बहुतांशी आईच्या पोटात असतानाच ठरते. जन्मानंतर मुख्यतः प्रत्येक धागा जाड होत जातो. पोटातल्या बाळाला पोषण कमी पडलं तर शरीर मेंदूला आधी जपतं आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या अभ्यासात ज्यांचं जन्मवजन कमी होतं त्यांच्या हाताची पकड म्हातारपणीसुद्धा तुलनेने कमी भरली.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी शेजारचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं माप शेजारी ठेवलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हात-पाय काडीसारखे पण पोट सुटलेलं, असा मुलगा आपल्या प्रत्येक सोसायटीत असतो. त्याने आळस केला म्हणूनच तो तसा आहे, असं समजू नका. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो. पोषणाची ती तूट पुढे आयुष्यभर शरीरात राहते, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही.

दुसरा काळ म्हणजे जन्मानंतरचे पहिले सहा महिने. मुलग्यांच्या शरीरात तेव्हा टेस्टोस्टेरॉन काही काळ चांगलंच वाढतं आणि मग थेट वयात येईपर्यंत खाली बसतं. फिलिपिन्समधल्या सेबू इथे १९८३-८४ मध्ये जन्मलेल्या मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या सहा महिन्यांत ज्यांचं वजन झपाट्याने वाढलं, ते लवकर वयात आले आणि विशी ओलांडल्यावर जास्त उंच, जास्त पिळदार आणि जास्त टेस्टोस्टेरॉन असलेले निघाले. बांगलादेशी पुरुषांवरचा २०१८ चा अभ्यासही तेच सांगतो. लहानपणीच ब्रिटनला गेलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बांगलादेशात वाढलेल्यांपेक्षा जास्त होतं. मोठेपणी स्थलांतर केलेल्यांना हा फायदा मिळाला नाही. वंश एकच, फरक बालपणातल्या आजारपणांचा आणि पोषणाचा.

तिसरा काळ वयात येण्याचा. इथे प्रगतीपुस्तक उपयोगी पडतं: उंचीच्या रकान्यात कोणत्या इयत्तेत एकदम मोठी उडी दिसते ते पाहा. सातवी-आठवीत उडी मारलेला मुलगा दहावीत दणकट दिसतो. दहावीनंतर उंची वाढलेला मुलगा त्याच वयात पोरसवदा राहतो आणि आपण मुळातच कमी आहोत असं मनात धरून बसतो. उशिरा वाढलेली बरीच मुलं विशीत बरोबरी गाठतात.

*इथे फसायला होतं:* जन्मवजन कमी म्हणजे आपलं काही होणारच नाही, असा निष्कर्ष काढू नका. हे सगळे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत. ते तुमची सुरुवात कुठून झाली हे सांगतात. तुम्ही कुठवर जाल हे त्यातून कळत नाही.

२. स्वतःची मर्यादा आकड्यात मांडा

वजनकाट्यावरून स्नायू कळत नाहीत. त्यासाठी एफएफएमआय नावाचा आकडा काढा. शरीराच्या वजनातून चरबी वजा करायची आणि उरलेल्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. चरबीचा अंदाज मोजपट्टीने मान आणि कंबर मोजून काढता येतो, त्याची गणितं मोफत मिळतात. जिममधल्या ज्या यंत्रावर उभं राहून चरबीची चिठ्ठी मिळते, त्याचा आकडा प्यायलेल्या पाण्यानेही बदलतो. वापरायचंच असेल तर दर वेळी सकाळी उपाशीपोटी, त्याच यंत्रावर.

उदाहरण घेऊ. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो, चरबी २२ टक्के. चरबी गेली १४ किलो, उरले ५० किलो. १.७ चा वर्ग २.८९. पन्नासला त्याने भागलं की १७.३. आपल्याकडचा व्यायाम न केलेला तरुण साधारण या आसपास असणं अगदी नेहमीचं आहे.

वरची हद्द कुठे? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे खेळाडू मोजले गेले. न घेणाऱ्यांचा आकडा २५ च्या आसपास येऊन थांबत होता, घेणाऱ्यांपैकी अनेकांचा त्याच्या बराच पुढे. २५ म्हणजे दणकट बांध्याच्या, वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या माणसाचं टोक आहे. वरच्या मुलाने तीन-चार वर्षं नीट काम केलं तर साडेवीसचं लक्ष्य धरावं असं मला वाटतं. तेव्हा चरबी १४ टक्के धरली तर त्याचं वजन होईल ६९ किलो. काट्यावर फक्त पाच किलो वाढले, पण चरबी सोडून शरीर नऊ किलोंनी भरलं आणि चरबी चार किलोंनी उतरली. शर्ट काढल्यावर तो ओळखू येणार नाही. ‘वजन कुठे वाढतंय’ म्हणत मध्येच जिम सोडणारे हा हिशोब कधी मांडतच नाहीत.

मनगट आणि घोट्याचा घेरही लिहून ठेवा. हाडाचा सांगाडा रुंद असेल तर त्यावर जास्त स्नायू मावतो. हे बदलत नाही, त्यामुळे बारीक मनगटाच्या मुलाने ‘ठाणे श्री’च्या व्यासपीठावरच्या गड्याशी दंड जुळवू नये.

आणि व्यायामाला प्रतिसाद देण्यातही माणसामाणसांत प्रचंड फरक असतो. २००५ च्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे एकाच हाताचा व्यायाम केला. कुणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्के वाढला, कुणाचा जराही वाढला नाही. व्यायाम सगळ्यांचा तोच. बाजूच्याचं का भरतंय याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

३. रक्त तपासायचं का, हे आधी ठरवा

नुसतं शरीर भरत नाही म्हणून टेस्टोस्टेरॉनची तपासणी करू नका. मात्र पुढचं काही असेल तर जरूर करा: लैंगिक इच्छा खूप कमी झालीय, सकाळची ताठरता येईनाशी झालीय, सतत थकवा आहे, वृषण खूप लहान आहेत, लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते, किंवा वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषण सुजले होते. क्लाइनफेल्टर सिंड्रोम नावाची जन्मजात स्थिती ५०० ते १,००० मुलग्यांत एकाला असते, आणि अनेकांना ती मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत कळत नाही.

तपासणी करायचीच तर अशी:

- सकाळी उपाशीपोटी, शक्यतो दहाच्या आत. संध्याकाळी कामावरून येताना दिलेल्या रक्तात तरुणाचा आकडा बराच कमी येतो.
- ऐरोलीत रात्रपाळी करत असाल तर तुमची ‘सकाळ’ म्हणजे मुख्य झोपेतून उठल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास. डॉक्टरांना पाळी सांगून वेळ ठरवा.
- ताप किंवा आजारपण असताना नको. पहिला आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. एका रिपोर्टवर काहीही ठरत नाही.
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही पद्धतींत बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे चुकतात.
- एकक वाचा. ४५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर आणि ४.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर हे एकच आहे. दुसरा आकडा पाहून घाबरून गेलेली मुलं मला भेटली आहेत.

तरुण पुरुषांसाठी साधारण २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर ही पट्टी अनेक ठिकाणी वापरली जाते. तुमचा आकडा ४२० आणि मित्राचा ६५० असेल तर त्यावरून कुणाचे दंड जास्त वाढतील हे सांगता येत नाही. सामान्य पट्टीच्या आतला फरक स्नायूंच्या वाढीत फार कमी दिसतो. ‘जड स्क्वॉट मारले की हार्मोन उसळतात’ हेही खूप ऐकाल. ती उसळी तासाभरात ओसरते आणि तिच्यामुळे स्नायू वाढत नाहीत. स्क्वॉट जरूर मारा, पायांसाठी.

दोनदा कमी आलं तर जिममधल्या कुणालाही दाखवण्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. ते एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या हार्मोनांवरून दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे पाहतात. पोट सुटलेलं असेल तर नुसतं वजन उतरवूनही आकडा वर येतो. खासगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या ओपीडीत मेडिसिन विभागापासून सुरुवात करा.

हार्मोनपेक्षा मी नवख्यांना ड जीवनसत्त्व, बी१२ आणि हिमोग्लोबिन आधी पाहायला सांगतो. या कमतरता आपल्याकडे खूप आढळतात आणि त्यांवर उपाय सोपा असतो.

*इथे फसायला होतं:* जोरदार व्यायामानंतर लगेच रक्त दिलं तर यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसू शकतात, कारण हे पदार्थ स्नायूंतूनही बाहेर पडतात. यकृत बिघडलं असं समजून घरात रडारड होते. तपासणीआधी चार-पाच दिवस जड व्यायाम थांबवा. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो.

४. ‘एकच कोर्स कर’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं

औषध काम करतं, ते मी नाकारत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात काही पुरुषांना १० आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. औषध घेऊन व्यायाम अजिबात न केलेल्यांचं चरबीविरहित वजन सुमारे ३ किलो वाढलं, आणि औषधाशिवाय व्यायाम केलेल्यांचं सुमारे २ किलो. म्हणजे बसून राहिलेला औषधवाला घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. मोबाइलवर दिसणाऱ्या शरीरांकडे पाहताना हे लक्षात असू द्या.

आता किंमत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. ते आक्रसतात, शुक्राणू घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पुरुषांच्या गर्भनिरोधकाचा होता आणि त्यात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनच दिलं होतं. जिममधले कोर्स अनेकदा याच्या वरूनच सुरू होतात. बंद केल्यावर गाडी रुळावर यायला महिने जातात, काहींना त्याहून जास्त. शिवाय छातीला गाठी, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, रक्त घट्ट, हृदयाच्या भिंती जाड. विशीतल्या, लग्न व्हायच्या मुलाच्या हातात हे इंजेक्शन देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

कायद्याने टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एच मधलं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ‘हे स्टेरॉइड नाही, सार्म्स आहे’ असं सांगितलं तरी नकोच. सार्म्स ही टेस्टोस्टेरॉनसारखं काम करणारी औषधं, तीही शरीराचं स्वतःचं हार्मोन दाबतात. आधीच घेतलं असेल तर लपवू नका. डॉक्टरांना नाव, मात्रा आणि तारीख खरी सांगा. ते पोलिसांकडे जात नाहीत.

५. ताट

ठरवायचं एवढंच: वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं. ६४ किलोंच्या मुलाला रोज १०० ग्रॅम. मी ज्यांचं ताट काट्यावर मोजून पाहिलं, त्यांचं वरण-भात-पोळी-भाजीचं जेवण पन्नासच्या आसपास थांबत होतं. उरलेले पन्नास असे येतात: चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २६. झालं. मांसाहारी असाल तर चिकन आहेच, पण आपल्या खाडीकिनाऱ्याला बांगडा, बोंबील, मांदेली स्वस्त मिळते ती विसरू नका. सुकट तर घरात असतेच. शाकाहारी घरात पनीर, दही, मोडाची उसळ रोज दोन्ही वेळा हवी. मामलेदारची मिसळ सोडायला मी कुणालाच सांगणार नाही, रविवारी खा.

आपला बांधा मुळात चरबी साठवणारा असल्याने ‘आधी वाटेल तसं खाऊन फुगा, मग उतरवा’ हा सल्ला आपल्याला परवडत नाही. वजन वाढवायच्या मास गेनर पावडरीच्या डब्यात बहुतांशी पिठूळ साखरच असते. कंबर दर दोन आठवड्यांनी मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली तर आधी ती उतरवा. व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर घ्यायचीच तर डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, एवढ्या एका पावडरीवर मी पैसे खर्च करतो.

६. व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक स्नायूला दोनदा. बसणं, उचलणं, ढकलणं, ओढणं. दर सेटच्या शेवटी अजून दोन-तीनच मारता आले असते इतकं जड. मागच्या वेळचा आकडा वहीत पाहून त्यात एक वाढवायचा. जिमची फी झेपत नसेल तर जोर, बैठका आणि बागेतल्या ओपन जिमचा बार यांवर पहिलं वर्ष आरामात जातं. बायकांनीही हेच करावं. त्यांचे स्नायू सुरुवातीच्या तुलनेत टक्केवारीत जवळजवळ तेवढेच वाढतात, पुरुषी दिसण्याची भीती बाळगू नये.

७. झोप

२०११ च्या प्रयोगात दहा तरुणांना आठवडाभर पाच तासच झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने वाशी, आणि रात्री अकराला जिम असा दिनक्रम असेल तर जिमचे आठवड्याचे दोन दिवस कमी करा पण सात तास झोपा. रात्रपाळीवाल्यांनी खिडकीला जाड पडदा लावावा आणि सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नये. नुकतेच बाबा झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन तसंही कमी होतं, ते सेबूच्याच पुरुषांत मोजलं गेलंय. त्या वर्षी आहे ते टिकवलं तरी पुरे.

८. घरात बाळ किंवा वयात येणारं मूल असेल तर

इथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. घरात गर्भवती असेल तर तिचं लोह, बी१२ आणि जेवण याकडे लक्ष द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिने खायचं, ही पद्धत घरातल्या पुरुषांनीच मोडावी. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरचं अन्न वेळेवर. पाणी उकळून. वारंवार जुलाब होणाऱ्या बाळाची वाढ तिथेच अडकते, म्हणून ओआरएस आणि झिंक लगेच सुरू करा आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या.

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जिमला येतो म्हणाला तर येऊ द्या. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. उंची खुंटते ती स्टेरॉइडने, कारण हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होतात. या वयात गेनर, प्री-वर्कआउट काही नको. दूध, अंडी, उसळ आणि नऊ तास झोप द्या. चौदा पूर्ण झाले तरी मुलात वयात येण्याची कोणतीच खूण दिसत नसेल, किंवा मुलीत तेरापर्यंत, तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा नुसती वाट पाहायला सांगतात, आणि उपचार लागणार असतील तर ते याच वयात सुरू करावे लागतात.